इन्टू द ब्रीच की टॅक्टिकल ब्रीच विझर्ड्स: एकच घ्यायचा असेल तर

दोन्ही गेमच्या नावात ‘ब्रीच’ आहे, दोन्हींत तुकडीतल्या प्रत्येकाचं कसब वेगळं आहे आणि शत्रू पुढच्या क्षणी काय करणार हे दोन्ही गेम आधीच दाखवतात. त्यामुळे टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली करण्याच्या, गेमची गोडी लागलेले मित्र हमखास विचारतात, यातला कोणता घेऊ? मी दोन्ही शेवटपर्यंत खेळलो आहे. इन्टू द ब्रीच 2018 चा, तो अजूनही अधूनमधून उघडतो. विझर्ड्स ऑगस्ट 2024 मध्ये आला आणि मी तो दोनेक महिन्यांत संपवला. ग्राफिक्स, किंमत, कोणत्या मशीनवर चालतो वगैरे दुकानाच्या पानावर दिसेलच. मला बोलायचं आहे ते एकाच गोष्टीबद्दल: दोघा-तिघांची कसबं एकत्र आणून कोडं सोडवण्याची मजा कुठे जास्त टिकते.

इन्टूमध्ये आठ बाय आठचा पट, इमारतींवर चालून आलेले महाकाय किडे आणि त्या इमारती वाचवणारी तुमची तीन यंत्रं. सुरुवातीचा स्क्वॉड, म्हणजे तीन यंत्रांची तुकडी, रिफ्ट वॉकर्स. त्यांची शस्त्रं वाचायला अगदी साधी वाटतात: एक ठोसा मारतो आणि समोरच्याला एक घर मागे ढकलतो, दुसरा लांबून गोळी मारून ढकलतो, तिसऱ्याचा तोफगोळा जिथे पडतो तिथे इजा करतो आणि शेजारच्या चारही घरांतल्यांना बाहेरच्या बाजूला सरकवतो. संपलं. कॅरम खेळलेल्या माणसाला यातली गंमत पटकन कळेल, कारण इथेही प्रश्न किती जोरात मारायचं हा नसून कोण कुठे जाऊन थांबेल हा असतो.

मला आजही आठवणारा एक टर्न सांगतो. माझ्या ठोसेवाल्या यंत्राला खालच्या घरातल्या विंचवाने जाळ्यात धरलं होतं, त्यामुळे त्याला हलता येत नव्हतं. त्याच्या डावीकडचं घर रिकामं. त्या रिकाम्या घराच्या वर एक फायरफ्लाय, म्हणजे लांबून गोळी मारणारा किडा, डावीकडच्या इमारतीवर नेम धरून बसलेला. त्याच रिकाम्या घराच्या खाली पाणी. बराच वेळ मी विंचवाला कसं मारायचं याचाच विचार करत होतो. मग लक्षात आलं की गोळा कोणावरही टाकायचाच नाही, रिकाम्या घरात टाकायचा. फायरफ्लाय एक घर वर सरकला. त्याचा नेम दिशेला बांधलेला असल्यामुळे त्याची गोळी आता वरच्या ओळीतल्या त्याच्याच साथीदार हॉर्नेटला लागणार होती. माझं यंत्र एक घर उजवीकडे ढकललं गेलं आणि जाळं तुटलं. सुटलेलं यंत्र एक घर खाली उतरलं, विंचवाच्या उजव्या बाजूला आलं आणि डावीकडे ठोसा. विंचू पाण्यात. एक इमारत वाचली, एक शत्रू बुडाला, एक जखमी होणार, आणि तिसरं यंत्र अजून वापरलेलंच नव्हतं. त्या गोळ्याने कोणालाही इजा केली नव्हती.

विझर्ड्समध्ये यंत्रांऐवजी जादूगारांची तुकडी आहे, म्हणजे कसबं माणसांची आहेत, आणि ती माणसं फार जिव्हाळ्याने लिहिली आहेत. झॅन क्षणभर पुढचं पाहतो आणि साथीदाराला एक जादा कृती देऊ शकतो. जेन वादळाची चेटकीण, तिची वीज एकावरून दुसऱ्यावर जाते आणि लागलेल्यांना मागे ढकलते. बँक्स ही डॉक्टर आहे, पण मेलेल्यालाच उठवू शकते, म्हणून जखमी साथीदाराला बरं करायचं तर आधी त्याला स्वतःच मारावं लागतं. शत्रूला खिडकीबाहेर ढकललं की तो त्या लढाईतून गेला. झॅनने दिलेली जादा कृती वापरून जेनने एकाच टर्नमध्ये खोलीची एक बाजू रिकामी केली की हात आपोआप टेबलावर आपटतो. जोड्या लावण्याचा नुसता पसारा पाहिला तर तो इथे मोठा आहे. पात्रं वाढत जातात, त्यांची कसबं सुधारतात आणि एकाची कृती दुसऱ्याच्या कामाला येते.

मग अडलं कुठे? चाल परत घेण्यावर. विझर्ड्समध्ये टर्न पक्का करेपर्यंत तुम्ही कितीही वेळा मागे जाऊ शकता. शत्रू काय करेल तेही आधी पाहता, नाही आवडलं तर पुन्हा मागे. सुरुवातीला मला ही फार उदार सोय वाटली, आणि नवख्यासाठी ती आहेच. पण एका रात्री साडेदहाला एक टर्न सुरू केला आणि पावणेबाराला संपवला. सगळे सुखरूप राहतील असा मार्ग पाच मिनिटांत सापडला होता. त्या लढाईला एक ऐच्छिक उद्दिष्ट होतं, त्यासाठी तिसरा माणूसही खिडकीबाहेर जायला हवा होता आणि तो दर वेळी एक घर अलीकडे थांबायचा. मागे, पुन्हा वीज. मागे, जादा कृती दुसऱ्याला. मागे, क्रम उलटा. करून पाहायला काहीच किंमत पडत नसल्याने मी विचार करणं सोडून दिलं आणि नुसता चाचपडत राहिलो. शेवटी जमलं, कारण न करून पाहिलेलं तेवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नेमकं कसं जमलं हे मला धाकट्या भावाला सांगता आलं नाही. विंचवाचा टर्न मात्र घरांसकट सांगता येतो.

इन्टूमध्ये हत्यार चालवेपर्यंत हालचाल परत घेता येते, एकदा चालवलं की नाही. पूर्ण टर्न मागे नेण्याची मुभा एका लढाईत एकदाच. लहानपणी मामा बुद्धिबळ शिकवताना हेच करायचा, एका डावात एक चाल परत. ती एक चाल मी जपून ठेवायचो, आणि ती जपायची म्हणूनच आधी पट नीट पाहायचो. इन्टूमध्ये मी अजून तसाच बसतो. पडद्याला हात न लावता, गोळा कुठे पडेल, कोण सरकेल, त्या जागी आधीच कोणी असेल तर दोघांनाही धक्का बसेल का, हे सगळं मनात. कसबांची जोडी आधी डोक्यात जुळते आणि मग पटावर दिसते. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

तरी विझर्ड्सच्या बाजूने मनापासून सांगायचं ते सांगतो. त्याच्या लढाया हाताने रचलेल्या आहेत, त्यामुळे सुटणारच नाही अशी परिस्थिती अचानक समोर येत नाही. इन्टूमध्ये ती येते. कधीकधी चार इमारतींवर नेम असतो आणि कितीही डोकं लावलं तरी तीनच वाचतात. तेव्हा कोणती सोडायची हे ठरवावं लागतं. मला तोही कोड्याचाच भाग वाटतो, पण दिवसभर काम करून आलेल्या माणसाला ते जड जाऊ शकतं. शिवाय विझर्ड्सला कथा आहे, आणि तिचे संवाद खरोखर उत्तम आहेत. इंग्रजी सहज वाचत असाल आणि तुकडीतल्या माणसांत जीव गुंतवायला आवडत असेल, तर तुम्हाला इन्टू कोरडा वाटेल. त्यात शहरं वाचवताना कोणी फार बोलत नाही.

पुन्हा खेळण्याच्या बाबतीत मात्र मला फारसा विचार करावा लागत नाही. विझर्ड्स एकदा संपला की पुढच्या खेपेला त्याच खोल्या, तेच दरवाजे. इन्टूमध्ये स्क्वॉड बदलला की विचार करण्याची रीतच बदलते. रस्टिंग हल्क्स धुराने शत्रूचे हल्ले बंद पाडतात, आणि स्टील जुडोकातलं एक यंत्र समोरच्याला उचलून थेट पाठीमागे फेकतं. 2022 मध्ये ॲडव्हान्स्ड एडिशनने आणखी पाच स्क्वॉड फुकट दिले, त्यातले दोन मी अजून नीट शिकतो आहे.

टर्न-बेस्ड गेम पहिल्यांदाच खेळत असाल तर विझर्ड्सने सुरुवात करणं कदाचित बरं, तो चुकायला घाबरवत नाही. पण असा एखादा गेम आधी खेळला असेल आणि एकच घ्यायचा असेल, तर मी इन्टू घ्या म्हणेन. पहिले दहा-बारा डाव स्क्वॉड बदलू नका. सोप्या पातळीवर खेळायला संकोच करू नका. आणि शत्रूंच्या हल्ल्यांचा क्रम दाखवायची सोय आहे, ती प्रत्येक टर्नला हत्याराला हात लावायच्या आधी वापरा. माझ्या निम्म्याहून जास्त इमारती तो क्रम न बघितल्यामुळे गेल्या आहेत.