गाडी नाही, पण एसआर-२२ हवं: अमेरिकेत कोणता मार्ग घ्यावा?

लायसन्स सस्पेंड झालं की राज्याच्या मोटार वाहन खात्याकडून (डीएमव्ही) पत्र येतं. लायसन्स परत हवं असेल तर काय काय करायचं, याची यादी त्यात असते. दंड भरा, क्लास पूर्ण करा, आणि एसआर-२२ दाखल करा. ज्याच्या नावावर गाडीच नाही तो माणूस या शेवटच्या ओळीपाशी अडतो. गाडी विकून टाकलेली असते, किंवा शिकायला आलेल्या मुलाकडे ती कधी नव्हतीच. मित्राची गाडी चालवताना पोलिसांनी थांबवलं आणि पुढचं सगळं घडलं. अशा वेळी घाईने पहिल्या एजंटने सांगितलेली पॉलिसी घेतली जाते आणि ती चुकीची निघाली तर फटका मोठा बसतो. म्हणून समोर असलेले मार्ग एकमेकांशेजारी ठेवून पाहू.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. एसआर-२२ म्हणजे विमा नव्हे. विमा कंपनीने राज्याला दिलेला तो दाखला आहे: या माणसाकडे कायद्याने ठरवलेलं लायबिलिटी कव्हर (दुसऱ्याला झालेली इजा आणि नुकसान भरून देणारा विमा) आहे, आणि ते बंद पडलं तर आम्ही तुम्हाला कळवू. कंपनी तो स्वतःच राज्याकडे पाठवते आणि त्याची फी साधारण २५ डॉलरच्या आसपास असते. खरा खर्च त्यामागच्या पॉलिसीचा. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे डीयूआय, विम्याशिवाय गाडी चालवताना सापडणं, विमा नसताना अपघात करणं, थोड्या काळात नियम मोडल्याची बरीच तिकिटं साठणं, यातलं काही झालेलं असतं म्हणूनच दाखला मागितलेला असतो. त्यामुळे कंपनीच्या लेखी तुम्ही जोखमीचे ग्राहक असता आणि प्रीमियम त्या हिशेबाने लागतो.

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. कॅलिफोर्नियात हा दाखला सहसा ३ वर्षं चालू ठेवावा लागतो. टेक्सासमध्ये शिक्षेच्या तारखेपासून २ वर्षं. फ्लोरिडा आणि व्हर्जिनियात डीयूआय झालं असेल तर एसआर-२२ ऐवजी एफआर-४४ हा तसाच दाखला लागतो आणि कव्हर जास्त घ्यावं लागतं. फ्लोरिडात ते १००/३००/५० आहे, म्हणजे एका जखमीसाठी १ लाख डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ३ लाख आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी ५० हजार. कॅलिफोर्नियाची किमान मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १५/३०/५ वरून ३०/६०/१५ झाली आहे, त्यामुळे जुने आकडे सांगणाऱ्या मित्रांवर विसंबू नका. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना अशी काही राज्यं हा फॉर्म वापरतच नाहीत. पण कॅलिफोर्नियाने मागितला आणि तुम्ही नोकरीसाठी न्यूयॉर्कला गेलात म्हणून सुटका होते असं समजू नका. राज्यं एकमेकांना लायसन्सची माहिती कळवतात आणि एका राज्यात सस्पेन्शन उभं असताना दुसरीकडे नवं लायसन्स मिळणं अवघड जातं. भारतातलं लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय परमिट दाखवूनही भागत नाही, कारण सस्पेन्शन त्या राज्यात गाडी चालवण्याच्या हक्कावरच असतं.

नॉन-ओनर पॉलिसी

गाडी नसलेल्या माणसासाठी हा सरळ मार्ग. पॉलिसी गाडीवर नसते, चालवणाऱ्यावर असते. तुम्ही कधीमधी मित्राची किंवा भाड्याची गाडी चालवलीत आणि तुमच्या चुकीने समोरच्याला इजा झाली किंवा त्याच्या गाडीचं नुकसान झालं, तर ही पॉलिसी कामाला येते. तिच्या आधारावर कंपनी एसआर-२२ दाखल करते. स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीपेक्षा ही सहसा स्वस्त पडते, कारण तुम्ही कमी चालवता असं कंपनी धरून चालते आणि कुठल्याही गाडीच्या दुरुस्तीचा भार तिच्यावर नसतो.

ती नेमकी कुठे उपयोगी पडते ते एका उदाहरणातून पाहा. कॅलिफोर्नियात तुम्ही मित्राची कोरोला घेऊन कॉस्टकोला निघालात आणि सिग्नलला पुढच्या गाडीवर आदळलात. पुढच्या गाडीचं नुकसान २२,००० डॉलर. आधी मित्राची पॉलिसी पैसे देते, कारण गाडी त्याची. त्याने किमान मर्यादाच घेतली असेल तर ती १५,००० वर थांबते. उरलेले ७,००० तुमची नॉन-ओनर पॉलिसी देते. ती नसती तर ते तुमच्या खिशातून गेले असते. पण कोरोलाचा चेपलेला पुढचा भाग? त्याचा एक डॉलरही तुमच्या पॉलिसीतून मिळत नाही. मित्राकडे कोलिजन कव्हर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा विमा, असेल तर दुरुस्ती त्यातून होईल आणि डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून भरायचा ठरलेला वाटा, तुम्ही द्यायचं की त्याने, हे तुम्हा दोघांत ठरेल. कव्हर नसेल तर मैत्रीची कसोटी. भाड्याच्या गाडीचंही तेच. काउंटरवर डॅमेज वेव्हर, म्हणजे गाडीच्या नुकसानीतून सूट, घेतलेला नसेल आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षण लागू होत नसेल तर भाड्याच्या गाडीचं नुकसान तुमच्या अंगावर येतं. उलट बाजूने, काउंटरवर विकत घेतलेलं लायबिलिटी कव्हर एसआर-२२ ची जागा घेत नाही. ते त्या भाड्यापुरतंच असतं.

आता या पॉलिसीची खरी मेख. तुमच्या घरातल्या माणसाची गाडी, किंवा तुम्हाला नेहमी वापरायला मिळणारी गाडी, ती कव्हर करत नाही. बायकोच्या नावावर गाडी आहे, दोघं एकाच घरात राहता, आणि एजंटला ‘माझ्या नावावर गाडी नाही’ एवढंच सांगून पॉलिसी काढलीत, तर दाखला डीएमव्हीकडे पोचेल, लायसन्सही परत मिळेल, आणि त्याच गाडीने अपघात झाला त्या दिवशी कंपनी हात वर करेल. रूममेटच्या गाडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. चौघं एका अपार्टमेंटमध्ये, एकाची सिव्हिक, आणि किराणा आणायला चौघंही तीच चालवतात. आपल्या मुलांच्या किती घरांत हेच चित्र असतं. कंपनी याला ‘नेहमी उपलब्ध असलेली गाडी’ म्हणू शकते. म्हणून फोनवर एजंट विचारो न विचारो, घरात कोण राहतं, कोणाकडे गाडी आहे आणि तुम्ही ती महिन्यातून किती वेळा चालवता, हे स्वतःहून सांगा. उत्तर लेखी, निदान ईमेलवर, घ्या.

उबर ईट्ससारखी डिलिव्हरी या पॉलिसीत बसत नाही. धंद्यासाठी गाडी चालवणं साधारणपणे वगळलेलंच असतं.

प्रोग्रेसिव्ह, गायको आणि डेअरीलँड या कंपन्या नॉन-ओनर पॉलिसी देतात आणि एसआर-२२ ही दाखल करतात. वेबसाइटवर कोट मागायला गेलात तर पहिल्याच पानावर गाडीचं मॉडेल विचारलं जातं आणि गाडं तिथेच अडतं. फोन करा, किंवा अनेक कंपन्यांची कामं करणारा स्वतंत्र एजंट गाठा. पहिलं वाक्य हेच असू द्या: नॉन-ओनर हवी आहे, एसआर-२२ सकट, अमुक राज्यासाठी.

जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या पॉलिसीत नाव घालणं

घरात गाडी असेल आणि ती तुम्ही चालवणार असाल, तर माझ्या मते हाच प्रामाणिक मार्ग आहे, महाग असला तरी. जोडीदाराच्या पॉलिसीत ड्रायव्हर म्हणून तुमचं नाव येतं आणि त्याच पॉलिसीवर कंपनी तुमचा एसआर-२२ दाखल करते. फायदा असा की घरची गाडी तुम्ही चालवलीत तरी कव्हर असतं, आणि तिच्यावर कोलिजन असेल तर तिची दुरुस्तीही त्यात येते.

तोटे दोन, आणि दोन्ही मोठे. तुमच्या रेकॉर्डमुळे अख्ख्या घराचा प्रीमियम चढतो, आणि काही कंपन्या मुदत संपल्यावर पॉलिसी पुढे चालवायला नकार देतात. दुसरं, तुमचं लायसन्स आता दुसऱ्याच्या हप्त्यावर टांगलेलं असतं. जोडीदाराने कंपनी बदलली आणि नव्या कंपनीकडून एसआर-२२ वेळेत गेलं नाही, की जुनी कंपनी राज्याला एसआर-२६ पाठवते, म्हणजे कव्हर बंद झाल्याची सूचना, आणि लायसन्स पुन्हा सस्पेंड.

यातून मधला रस्ताही निघतो. घरच्या पॉलिसीतून तुमचं नाव लेखी वगळायचं, आणि तुम्ही स्वतःसाठी वेगळी नॉन-ओनर काढायची. घरचा प्रीमियम वाचतो. पण मग घरची गाडी तुम्ही एकदाही चालवायची नाही, मुलाला रात्री तापातून इमर्जन्सीत न्यायचं असलं तरीही नाही. लहान मूल असलेल्या घराला मी हा मार्ग सुचवणार नाही. सगळी राज्यं असं नाव वगळू देत नाहीत आणि सगळ्या कंपन्या अशा घराला नॉन-ओनर देत नाहीत, हेही आहेच.

डिपॉझिट

काही राज्यांत विम्याऐवजी पैसे ठेवता येतात किंवा हमीचा बाँड देता येतो. कॅलिफोर्नियात ही रक्कम २०२५ पासून ७५,००० डॉलर आहे, आधी ३५,००० होती. एवढे पैसे अडकवून ठेवण्यापेक्षा पॉलिसी घेतलेली बरी, शिवाय अपघाताचा दावा आला तर सगळी कटकट तुम्हालाच निस्तरावी लागते. पॉलिसी असेल तर बचावाचा वकील कंपनी देते. हा मार्ग इथेच सोडू.

गाडीच न चालवणं

याचा विचार फार थोडे लोक करतात आणि तो करायलाच हवा. तुम्ही जर्सी सिटीत किंवा शिकागोच्या मध्यवस्तीत राहत असाल, ऑफिस ट्रेनच्या वाटेवर असेल, तर लायसन्सची सध्या खरंच गरज आहे का? ओळखपत्र म्हणून स्टेट आयडी मिळतो. पॉलिसीचे पैसे वाचतात.

पण राज्याचा नियम आधी तपासा, कारण हिशेब त्यावर फिरतो. काही राज्यांत मुदत शिक्षेच्या तारखेपासून मोजली जाते, तिथे थांबण्यात अर्थ आहे. काही राज्यांत ती लायसन्स परत मिळाल्यापासून सुरू होते. तिथे दोन वर्षं बसने फिरलात तरी घड्याळ सुरूच झालेलं नसतं, आणि पुढे गाडीशिवाय न भागणाऱ्या एखाद्या उपनगरात नोकरी लागली की पहिल्या दिवसापासून सगळं करावं लागतं. विमा नसलेला मधला काळही पुढच्या प्रीमियमवर परिणाम करतो. आणि हा मार्ग घेतलात तर अगदी पार्किंगमधून गाडी हलवायलाही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सस्पेंड लायसन्सवर गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे.

व्हिसावर असणाऱ्यांनी हे जास्त गंभीरपणे घ्यावं. डीयूआयच्या अटकेवरूनच परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, शिक्षा झालेली नसली तरी. त्याने अमेरिकेतलं स्टेटस आपोआप जात नाही, पण देशाबाहेर गेल्यावर नव्या व्हिसा स्टॅम्पिंगला सामोरं जावं लागतं आणि वैद्यकीय तपासणीही होऊ शकते. त्यात आणखी एका गुन्ह्याची भर नको. एसआर-२२ चा प्रश्न एजंट सोडवेल, पण डीयूआय असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलाच.

स्वस्त जुनी गाडी घेणं

‘पॉलिसी काढायचीच आहे तर दोन-तीन हजारांची गाडीच घेऊन टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. ज्याला रोज कामावर गाडीनेच जायचं आहे त्याला तो योग्य आहे, कारण नॉन-ओनर पॉलिसी रोजच्या गाडीसाठी नसतेच. बाकीच्यांनी प्रीमियमखेरीज रजिस्ट्रेशन, पार्किंग आणि दुरुस्ती जोडून पाहावी. डीयूआयमुळे इग्निशन इंटरलॉक, म्हणजे फुंकर मारल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणारं यंत्र, बसवायची अट असेल तर चित्र बदलतं. ही अट लायसन्सवर असते, त्यामुळे यंत्र नसलेली मित्राची गाडीही चालवता येत नाही. अशा वेळी नॉन-ओनर पॉलिसी दाखल्यापुरती उरते, आणि चालवायचंच असेल तर स्वतःची गाडी घेऊन त्यात यंत्र बसवणं हेच व्यवहार्य ठरतं.

मग निवड कशी करायची?

प्रीमियमचे आकडे सगळ्यात शेवटी पाहा. पुढच्या दोन-तीन वर्षांत तुम्ही कोणाची गाडी चालवणार आणि किती वेळा, हे आधी ठरवा. घरात गाडी नाही, कधीतरी भाड्याची किंवा दूर राहणाऱ्या मित्राची चालवणार: नॉन-ओनर, डोळे मिटून. घरची गाडी चालवणार: घरच्या पॉलिसीत नाव. रोज चालवणार: स्वतःची गाडी. चालवणारच नाही आणि राज्य शिक्षेच्या तारखेपासून मोजतं: थांबा. मर्यादा निवडताना, परवडत असेल तर किमान मर्यादेच्या एक पायरी वर जा. अमेरिकेतल्या हॉस्पिटलचं बिल ३०,००० डॉलरवर थांबत नाही, आणि पायरी चढण्याचा जादा प्रीमियम त्या मानाने थोडा असतो.

पॉलिसी कोणतीही घ्या, तिच्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. बऱ्याच राज्यांत खंड पडला की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. जमलं तर सहा महिन्यांचा प्रीमियम एकदम भरा. नाहीतर ऑटोपे लावा आणि क्रेडिट कार्ड बदललं की त्याच दिवशी नवं कार्ड कंपनीला कळवा. मध्ये गाडी विकत घेतलीत तर ताबा घेण्याआधी कंपनीला फोन करा, कारण नॉन-ओनर पॉलिसी त्या गाडीला लागू होत नाही. आणि भारतात तीन महिन्यांसाठी जाताना ‘तिकडे असताना उगीच कशाला पैसे भरायचे’ म्हणून पॉलिसी बंद करू नका. तुम्ही पुण्यात असलात तरी एसआर-२६ राज्याकडे पोचतंच.

मुदत संपत आली की तारीख आपल्या डायरीवरून ठरवू नका. राज्याच्या खात्याकडून ती लेखी मागा, ते पत्र हातात आल्यावरच कंपनीला दाखला मागे घ्यायला सांगा, आणि त्यानंतर नव्याने तीन-चार ठिकाणचे कोट घ्या.