वाचनालयातलं एआय ॲप : सात महिने वापरल्यानंतर

तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे. मी तिथे ग्रंथपाल. जूनपासून टेबलावर एक टॅब ठेवलाय. त्यातल्या एआय ॲपला कागद दाखवला की ते मराठीत वाचून दाखवतं, बोलून प्रश्नही विचारता येतात.

आमच्याकडे पुस्तकं नेणारे मोजके, कागद घेऊन येणारेच जास्त. पूर्वी असा माणूस उंबऱ्यापाशीच घुटमळायचा. आता गुजरातेत ऊसतोडीला जाणारी बाई उचलीचा कागद स्वतः टॅबसमोर धरते. आकडा ऐकते, “परत लाव” म्हणते, तीनदा ऐकते. कुणाची मिनतवारी नाही. एवढ्यासाठीच मी टॅब हलवणार नाही.

बोलून विचारणं मात्र अवघड. एक आजी म्हणाल्या, “माले मना वावरना उतारा पाहिजे.” ॲपने वावर म्हणजे ये-जा धरली आणि भलतंच सांगत बसलं. आमच्याकडे वावर म्हणजे शेत! अहिराणी, भिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाहीत, लिहिलेला मजकूरही कमी. यंत्राचा कान तयार होणार कशावर? पावरी बोलीचं तर एक वाक्य धड उतरत नाही. तिथे नववीतली एक मुलगी दुभाषी होते.

खरी भीती वाटली ती ऑगस्टमध्ये. वनहक्क दाव्याचं विचारायला आलेल्या भिल्ल काकांना ॲपने ठणकावून सांगितलं, ७५ वर्षांचा पुरावा लागेल. काका उठलेच. ती अट बिगर-आदिवासी, म्हणजे इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा वनजमिनीवरचा ताबा दाखवायचा असतो. “बसा काका,” म्हणत मी २००६ च्या कायद्याची पुस्तिका काढली, कलम वाचून दाखवलं. गावातल्या ज्येष्ठांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, हेही सांगितलं. पुस्तिका कपाटात नसती तर ते परत आले नसते. आठवड्याने दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेऊन आले. दावा आता वनहक्क समितीकडे आहे. तेव्हापासून कायद्याचं कुठलंही उत्तर पुस्तकाशी ताडल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही.

आधार, पासबुकाचे फोटो काम झालं की त्या माणसासमोरच पुसतो.

घेणार असाल तर वेगळा स्पीकर घ्या, टॅबचा आवाज म्हाताऱ्यांना पुरत नाही. आणि टॅबशेजारी एक खुर्ची ठेवा, तिथे गावची बोली येणारं कुणीतरी बसवा.