६४० केबीसाठी काय बरं: बोर्डावर चिप्स की स्लॉटमध्ये कार्ड?

जुना आयबीएम पीसी (५१५०, सन १९८१) किंवा एक्सटी (५१६०, सन १९८३) हाती आला आणि सुरूही झाला, की मेमरी ६४० केबीपर्यंत न्यायची हाव सुटतेच. रस्ते दोन. कुठला धरायचा, ते मशीनच्या नावापेक्षा बोर्डावर ठरतं.

एक्सटीचा ६४–२५६ केबीचा मदरबोर्ड असेल, तर मी बोर्डाच्याच बाजूचा. एका बँकेत, म्हणजे मेमरी चिप्सच्या एका रांगेत, नऊ चिप्स: आठ डेटाच्या, नववी पॅरिटीची, म्हणजे डेटातली चूक पकडणारी. पहिल्या दोन बँकांत ४१२५६ जातीच्या (२५६ किलोबिटच्या) अठरा चिप्स बसवायच्या, बोर्डावर यू८४ च्या रिकाम्या जागी ७४एलएस१५८ ही चिप लावायची आणि ई२ चे १ व २ हे पॅड जोडायचे. ५१२ अधिक जुन्या दोन बँकांचे १२८, झाले ६४०. स्लॉट वाचतो. बोर्डावरचे स्विच तीन आणि चार ऑफ ठेवले की पुढची मोजदाद बायोस (मशीन सुरू करणारा, चिपमधला प्रोग्रॅम) स्वतःच करते.

मात्र चिप्स मागवण्याआधी झाकण उघडून बँक शून्य, म्हणजे पहिली बँक, बघा. काही बोर्डांवर ती सोल्डर केलेली असते. नऊ चिप्सचे सोळा-सोळा पाय म्हणजे १४४ टाके, आणि ग्राउंडचे पाय सहजी सुटत नाहीत. हात बसलेला नसेल तर ट्रॅक उखडतो. अशा वेळी सरळ कार्ड घ्यावं.

५१५० ला तर कार्डच. बोर्डावर २५६ केबी असतील तर एएसटी सिक्सपॅक प्लससारखं ३८४ केबीचं कार्ड नेमकं बसतं, वर घड्याळ आणि सिरीयल पोर्टही मिळतो. पाचच स्लॉट असलेल्या मशीनवर एवढं एकाच कार्डात मिळणं मोठी गोष्ट. बोर्ड जुना, ६४ केबीचा असेल तर हेच कार्ड ४४८ वरच अडतं. शिवाय १९८१ च्या बायोस ५४४ केबीपुढे जात नाहीत; २७ ऑक्टोबर १९८२ ची हवी. दुसऱ्या स्विच ब्लॉकवर एकूण मेमरीही हाताने लावावी लागते. हे विसरलं की लोक कार्डाला शिव्या घालतात.

त्या ६४ केबीच्या बोर्डावर ४११६ (१६ किलोबिटच्या) चिप्स काढून ४१६४ (६४ किलोबिटच्या) खोचायचा मोह टाळा. सॉकेट तेच दिसतं, पण आठव्या पायावर १२ व्होल्ट येतात. ४१६४ ला तिथे ५ लागतात. चिप गेलीच समजा.

बिघाड शोधायला कार्ड सोपं: उपसलं की दोष कुठल्या बाजूचा ते कळतं. बोर्डावर असेल तर स्क्रीनवरचा २०१ हा मेमरीदोषाचा कोड वाचावा लागतो. त्याच्या लगेच आधीची आकड्यांची जोडी बिट, म्हणजे बँकेतली बिघडलेली चिप, सांगते: ०१ म्हणजे बिट शून्य, २० म्हणजे बिट पाच, ०० म्हणजे पॅरिटी. माझ्या एक्सटीवर दोन संध्याकाळी २० हटेना. नवी चिप मागवायच्या बेतात होतो, जुनी उपसली तर तिचा एक पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडलेला! चिमट्याने सरळ केला, झालं.

आणि स्क्रीनवर काहीच येत नसेल तर संशय पहिल्या बँकेवरही धरा. बायोस आधी तीच तपासते आणि तिथेच अडकते. तेव्हा कार्डावर पैसे घालू नका, आधी ती बँक.