ओळखीच्या दुकानातून घेतलेला पॉडकास्टचा सेट

मागच्या दिवाळीआधी मी पॉडकास्टसाठी लॅपटॉप, माईक आणि बाकीचं सामान मिळून ६२ हजारांचा सेट घेतला आणि त्यात पुरती फसले. पैशांहून मोठं नुकसान झालं, ते पुढे सांगते. तसाच सेट त्याच दुकानातून परवा एका कॉलेजच्या मुलाने घेतल्याचं कानावर आलं, म्हणून बसून हे सगळं लिहिते आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

मी शाळेत शिकवते, राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत. आमच्या घरामागच्या तालमीचे एक वस्ताद, वय ८४, रोज संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसतात. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात ते स्वतः लढलेत. खुराक काय असायचा, पहाटे मेहनत किती वाजता सुरू व्हायची, हरलेला पैलवान रात्रीच्या एसटीत तोंडावर टॉवेल घेऊन कसा बसायचा, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला सारखं वाटायचं की हा आवाज कुणीतरी धरून ठेवायला हवा. मग चपला शिवणाऱ्या मावशी, गुऱ्हाळावरचे गुळवे, अशी यादी वाढत गेली आणि पॉडकास्ट करायचं ठरलं.

सामान कुठून घ्यायचं, हा विषय घरी निघाला तेव्हा माझ्या मिस्टरांचे तालमीतले मित्र म्हणाले, "वहिनी, कुठं हिंडू नका. आपला माणूस हाय." त्या एका वाक्यावर मी गेले. आपल्याकडे ओळख निघाली की चहा येतो, आणि चहा आला की पुढे प्रश्न विचारायची लाज वाटते. समोरचा आपला आहे, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? त्या दिवशी मी लॅपटॉप उलटा करून खालचं स्टिकरसुद्धा वाचलं नाही.

दुकानदार म्हणाला, "पॉडकास्ट म्हंटल्यावर आय-सेव्हनच पायजे वहिनी. त्याच्या खाली आवाज फाटतोय." ही पहिली थाप. आवाज फाटतो तो माईकची पातळी चुकीची ठेवल्याने. आय-सेव्हन हा लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, त्याचा यात काही संबंध नसतो. दोन माणसांच्या गप्पा रेकॉर्ड करून कापाकापी करायला गेल्या सहा-सात वर्षांतला साधा आय-थ्री किंवा आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फाईली साठवायची वेगवान डिस्क) असला तरी काम निवांत होतं. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. हे तेव्हा माहीत असतं, तर ३८ हजारांच्या लॅपटॉपचा विषयच निघाला नसता.

लॅपटॉप "ओपन बॉक्स पीस" म्हणून दिला. डेमोला ठेवलेला, वापर शून्य, एक वर्ष वॉरंटी, वॉरंटीला "मी बसलोय ना हितं". वर काळ्या रंगाची झकास स्किन चिकटवलेली होती. विंडोज ११ चालत होतं. सोबत स्टुडिओत वापरतात तसला कंडेन्सर माईक, तो लॅपटॉपला जोडायचा आणि त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज देणारा इंटरफेस, हेडफोन, स्टँड असा २४ हजारांचा ऐवज, आणि २ टीबीचा पोर्टेबल एसएसडी भेट. पावती मागितली तेव्हा "जीएसटी लावला तर उगीच वाढतंय" म्हणत त्याने पॅडवरच्या कागदावर लिहून दिलं: स्टुडिओ सेट, १ नग. त्याखाली रक्कम आणि सही. निम्मे पैसे रोख दिले, निम्मे यूपीआयने, आणि तेही दुकानाच्या खात्यावर न जाता कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर गेले.

पहिले दोन महिने मला काहीच कळलं नाही. लॅपटॉप तापायचा, पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायचा, बॅटरी तासाभरात बसायची. माईक सगळं ओढून घ्यायचा: कुकरची शिट्टी, घंटागाडी, गल्लीतली रिक्षा. खोलीच्या भिंतींना मी आजीच्या वाकळा टांगल्या, तरी एक बारीक सूं राहायचाच. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. फसवलेल्या माणसाला बराच काळ असंच वाटत असतं.

लॅपटॉपची जागा भरत आली म्हणून मी सगळी रेकॉर्डिंग त्या भेट मिळालेल्या एसएसडीवर हलवली आणि लॅपटॉपवरून पुसली. वस्तादांच्या चार बैठका, चपलावाल्या मावशींच्या दोन, आणि मोबाईलवर केलेलं सगळं व्हिडिओ शूटिंग. जानेवारीत पहिला भाग तयार करायला बसले. फाईलींची नावं होती, आकारही दिसत होता, पण जवळपास एकही उघडेना. वस्तादांच्या चारपैकी एकच बैठक सुरू झाली आणि तीही अकराव्या मिनिटाला थांबली.

माझा भाऊ उद्यमनगरात लेथ चालवतो. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हाताने घडवला, त्या गावात यंत्र उघडून बघायची भीती अजूनही कुणाला वाटत नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हरने एसएसडीचं कव्हर उचकटलं. आत मोबाईलमध्ये घालतात तसलं नखाएवढं मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेलं होतं, आणि वजन यावं म्हणून लोखंडाची पट्टी.

ही लबाडी कशी चालते, ते मला नंतर समजलं. कार्डाच्या आतल्या नियंत्रण करणाऱ्या चिपचा प्रोग्राम बदलून तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. संगणकाने विचारलं, "तुझ्यात जागा किती?", तर ती २ टीबी सांगते. खरी जागा ६४ जीबी. ती संपेपर्यंत सगळं नीट चालतं. त्यानंतर आलेला मजकूर एक तर आधीच्या मजकुरावर लिहिला जातो किंवा कुठेच लिहिला जात नाही, आणि फाईलींची नावं मात्र यादीत तशीच राहतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या आवाजाच्या दर्जावर दोन माईकचं एक तासाचं रेकॉर्डिंग साधारण १ जीबी होतं. नुसता आवाज साठवला असता तर ६४ जीबी भरायला कितीतरी महिने लागले असते, व्हिडिओमुळे ती लवकर भरली. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते सगळी जागा भरून बघतं आणि परत वाचून बघतं. मोठ्या ड्राईव्हला त्यासाठी रात्रभर लागते, पण नवा ड्राईव्ह, पेनड्राईव्ह, कार्ड काहीही आणलं तर पहिली रात्र त्याला द्या. आणि २ टीबीचा खरा एसएसडी कुणीही भेट म्हणून देत नाही.

भाऊ तिथेच थांबला नाही. त्याने मल्टिमीटर आणून इंटरफेसचं ४८ व्होल्टचं बटण दाबलं आणि माईकच्या सॉकेटमध्ये १ नंबरच्या आणि २ नंबरच्या पिनेच्या मध्ये व्होल्टेज मोजलं. ४८ च्या आसपास आकडा यायला हवा होता, आला ५ च्याही खाली. लाल दिवा लागत होता तो नुसता दिवाच होता. माईकही खरा स्टुडिओतला नव्हता. तसल्या माईकला ते ४८ व्होल्ट लागतात, हा मात्र बटण बंद केलं तरी तितकाच चालायचा.

लॅपटॉपचं वय काढलं माझ्या भाच्याने. म्हणाला, "मावशी, त्यालाच विचारूया की." त्याने सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं. प्रोसेसर होता आय-सेव्हन-६६००यू. रेघेनंतरचा पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, २०१५ सालची, आणि कोअर, म्हणजे आतले काम करणारे भाग, फक्त २. नावात सेव्हन असलं म्हणून काही होत नाही, १२ व्या पिढीचा आय-फाईव्ह त्याच्या कितीतरी पुढे आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची ८ वी पिढी किंवा त्यापुढची लागते. म्हणजे तेही आडवाटेने चढवलेलं होतं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर लावलं. त्यात डिस्क आजवर किती तास चालली तो आकडा असतो. आमचा आकडा होता ११ हजारांवर. रोज ऑफिसचे ८ तास धरले, तर कुठल्या तरी कंपनीत पाच वर्षं राबून आलेलं हे यंत्र. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून पुढे तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं एकत्र टाईप केलं की बॅटरीचा अहवाल निघतो. मूळ क्षमता आणि आताची क्षमता त्यात शेजारी शेजारी असतात. आमची निम्म्याच्याही खाली होती. स्किन सोलल्यावर खाली सिरीयल नंबर सापडला. कंपनीच्या सपोर्टच्या पानावर तो टाकला, तर वॉरंटी कधीच संपलेली.

या सगळ्या तपासाला वीस मिनिटं लागली. दुकानात चहा प्यायला त्याहून जास्त वेळ गेला होता.

जुना लॅपटॉप विकणं गुन्हा नाही, आणि जुना म्हणून सांगून दिला असता तर तक्रारही नव्हती. मी बाजारात चौकशी केली, तसलाच सेकंडहँड लॅपटॉप १५-१६ हजारांत मिळत होता. वापर शून्य आहे असं सांगून ३८ हजारांना विकणं, ही मात्र सरळ लबाडी आहे. मी परत गेले तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, "बिल दाखवा वहिनी. ह्यात लॅपटॉपचं नाव कुठं हाय?" खरंच नव्हतं. स्टुडिओ सेट, १ नग. मिस्टरांचे मित्र सोबत होते, त्यांचा चेहरा उतरला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हे मी आजही मानते. त्यांनीही माझ्यासारखाच त्या माणसावर विश्वास ठेवला होता.

मला आधार मिळाला तो एका विसरलेल्या गोष्टीचा. खरेदीच्या आदल्या दिवशी दुकानदाराने व्हॉट्सॲपवर लॅपटॉपचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, "आय ७, अनयूज्ड, १ वर्ष वॉरंटी". ते आणि यूपीआयची नोंद, एवढाच पुरावा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर मराठीत बोलता येतं. तिथे आधी तक्रार नोंदवली. दुकानाकडून काही उत्तर आलं नाही, तेव्हा रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि २ वर्षांची मुदत असते. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मी अर्ज स्वतः लिहिला. तुमच्याही हातात असलाच कच्चा कागद असेल, तर दुकानदाराला आजच मेसेज करून वस्तूचं नाव, मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून मागा. त्याने दिलेलं उत्तर असो की न दिलेलं, दोन्ही जपून ठेवा. पक्क्या बिलावर दुकानाचा १५ अक्षरांचा जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातल्याची सुरुवात २७ ने होते, आणि तो खरा आहे का हे जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही बघता येतं.

आता मी भाच्याच्या जुन्या संगणकावर काम करते. नव्याने पैसे घातले ते एका डायनॅमिक माईकवर आणि साध्या, पण पक्क्या बिलाच्या इंटरफेसवर. डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरून बोलावं लागतं, म्हणूनच तो लांबची रिक्षा फारशी ओढत नाही. आवाज घुमू नये अशी सोय न केलेल्या घरच्या खोलीला तोच बरा. रेकॉर्डिंग दोन वेगळ्या ड्राईव्हवर गेल्याशिवाय मूळ फाईल पुसत नाही.

फेब्रुवारीत वस्तादांकडे परत गेले. झालेलं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, माईक हातात घेऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. पण पहिल्या वेळी एसटीतल्या त्या रात्रीपाशी येऊन ते थांबले होते, बराच वेळ काही बोलले नव्हते, आणि मग त्या हरलेल्या पोराचं नाव घेतलं होतं. या वेळी ते म्हणाले, "ते तुला मागं सांगितलंय की पोरी," आणि पुढच्या कुस्तीकडे वळले.