बिनचवीचं क्रिएटिन मोनोहायड्रेट: विद्यार्थ्यांच्या खोलीतला दुसरा डबा

जिमला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या खोलीत प्रोटीनच्या शेजारी हमखास दिसणारा दुसरा डबा क्रिएटिनचा. कुणी म्हणतं हे स्टेरॉइडच आहे, कुणी म्हणतं महिन्यात अंग भरतं. दोन्ही खोटं. क्रिएटिन आपलं शरीर स्वतःच बनवतं, रोज साधारण १ ग्रॅम. मांस-मासळीतूनही ते मिळतं. स्नायूंतला हा साठा काही सेकंदांच्या जोरदार कामात एटीपी (पेशींना ऊर्जा देणारा रेणू) पुन्हा तयार करायला वापरला जातो. त्यामुळे जड सेटमध्ये शेवटच्या एखाद-दोन आवृत्त्या (रेप्स) जास्त निघतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात मात्र फारसा फायदा नाही. शाकाहारी मुलामुलींचा मूळ साठा कमी असतो, म्हणून त्यांना फरक जास्त जाणवू शकतो.

मात्रा रोज ३ ते ५ ग्रॅम, व्यायामाला सुट्टी असली तरीही. वेळ कुठलीही चालते. सवय मोडू नये म्हणून जेवणाला जोडून घेतलेलं बरं. या मात्रेत साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात आणि बहुतेकांचा धीर नेमका तिथेच सुटतो. दहा दिवस घ्यायचं, चार दिवस विसरायचं आणि मग पावडर नकली होती म्हणायचं! ‘लोडिंग’ म्हणजे दिवसाला २० ग्रॅम, चार भागांत, ५ ते ७ दिवस. साठा लवकर भरतो, पण शेवटी पातळी तीच राहते. १० ग्रॅम एकदम घेतले तर पोट बिघडून जुलाब होऊ शकतात. परीक्षेच्या आठवड्यात तर हे करूच नका.

पावडर गार पाण्यात नीट विरघळत नाही, ही या उत्पादनाची खरी अडचण. २० अंश सेल्सिअसच्या १ लिटर पाण्यात जेमतेम १४ ग्रॅम विरघळतं. म्हणजे पेलाभर पाण्यात ५ ग्रॅम टाकले की तळाशी वाळूसारखा थर बसणारच. तो थर टाकून दिला तर मात्रेचा बराचसा भाग गेला. कोमट पाणी घ्या, ढवळा, लगेच प्या, मग थोडं पाणी घालून पेला विसळून तेही प्या. सकाळी बाटलीत कालवून संध्याकाळी पिण्यात अर्थ नाही. पाण्यात, विशेषतः आंबट सरबतात, त्याचं हळूहळू क्रिएटिनिन (स्नायूंना निरुपयोगी टाकाऊ पदार्थ) होतं. कोरडी पावडर थेट तोंडात टाकणं तर धोक्याचं, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

मायक्रोनाइज्ड म्हणजे फक्त बारीक दळलेलं. मिसळायला सोपं, परिणाम तोच. एचसीएल किंवा इथाइल एस्टर अशा महागड्या प्रकारांनी साध्या मोनोहायड्रेटला मागे टाकल्याचा भक्कम पुरावा नाही. इथाइल एस्टर तर शरीरात मोठ्या प्रमाणात क्रिएटिनिनमध्ये बदलून वाया जातं. डब्यावर घटक एकच हवा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहिलं असेल तर कशाची मात्रा किती ते कळत नाही, तो डबा परत ठेवा. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट (बंदी असलेल्या पदार्थांसाठी उत्पादनं तपासणाऱ्या योजना) यांची खूण पाहावी आणि बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासावा. क्रिएटिनवर बंदी नाही, पण भेसळीतून बंदी असलेला पदार्थ पोटात जाऊ शकतो. प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची उत्तेजक पावडर) ही घेत असाल तर त्याचं लेबल आधी वाचा: त्यात बहुधा क्रिएटिन असतंच, शिवाय एका स्कूपला १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन. निरोगी प्रौढासाठी दिवसभराची मर्यादा साधारण ४०० मिलिग्रॅम धरतात, आणि अभ्यासाच्या रात्रीची कॉफी त्यातच मोजायची.

सुरुवातीला वजन किलो-दीड किलो वाढतं, ते पाण्याचं. वजनगटात खेळणाऱ्यांनी हे आधीच हिशेबात धरावं. केसगळतीची भीती २००९च्या एका लहान अभ्यासातून आली. त्यात कॉलेजवयीन रग्बीपटूंचं डीएचटी हे केसगळतीशी जोडलं जाणारं संप्रेरक वाढलेलं दिसलं. केस किती गळले हे मोजलंच नव्हतं.

किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. किडनीचं काम रक्तातल्या क्रिएटिनिनवरून तपासतात आणि निरोगी माणसाचंही ते किंचित वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीआधी पावडर घेत असल्याचं सांगा. शंका उरली तर किडनीसाठीच सिस्टॅटिन सी ही दुसरी रक्तचाचणी करता येते, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही.