पहिलं आरसी ट्रेनर विमान: सात महिन्यांचा अनुभव आणि जायरोची तक्रार

ऑक्टोबरात आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान घेताना जायरोवाल्या मॉडेलसाठी मी अडीच हजार जास्त मोजले. जायरो म्हणजे विमान डगमगलं की आपोआप सावरणारं कार्ड. फोमचं, पंख वर असलेलं, तीन चॅनलचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं विमान. एप्रिलमध्ये जायरोचं कार्ड गेलं. दुकानात नेलं तर शेपटीवरच्या टेपकडे बोट दाखवून उत्तर मिळालं, "भिया, क्रैश की वारंटी नहीं होती." टेप डिसेंबरातली, कार्ड गेलं एप्रिलमध्ये, दोन्हींचा संबंध काय? तीन चकरा मारल्या, आता फोनही उचलत नाहीत. पैसे गेल्याचा राग आहे आणि तो राहणार.

मामांचं शेत खंडवा रोडला आहे. इंदूरच्या विमानतळापासून लांब, तरीही डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, भाग बघूनच आम्ही तिथे उडवतो. गहू निघाल्यावर शेत मोकळं झालं होतं. सकाळी सहाला, वारा सुटायच्या आत, सर्वोच्या (शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) पिना बिघडलेल्या कार्डातून काढून थेट रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरला जोडल्या आणि जायरोशिवाय विमान फेकलं. नाक वर, मग गचका खाऊन खाली, परत वर. तिसऱ्या गचक्याला ते धसकटांत शिरलं.

आणि काहीच तुटलं नाही! पंख रबर बँडांनी बांधलेला असतो. दोन रबरं तटकन तुटली, पंख सुटून चार पावलांवर पडला, धक्का तिथेच जिरला. हाच पंख स्क्रूने आवळलेला असता तर बूड फाटलं असतं. भाच्याच्या विमानाचं तसंच झालं, नवीन बॉडीचे सतराशे गेले. माझा सात महिन्यांचा खर्च म्हणजे रबरांचं एक पाकीट आणि दोन प्रोपेलर. पहिलं विमान घेताना दुकानात आधी पंख कसा बांधलाय ते बघा. रबरं मात्र उन्हात चिरतात, दर महिन्याला बदलायची.

घरी आल्यावर पंखाखाली दोन बोटं धरून तोल बघितला. पुस्तिकेत पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच सेंटीमीटर लिहिलंय. माझं विमान साडेसहावर तोललं जात होतं. जास्त वेळ उडावं म्हणून मी १३०० ऐवजी २२०० एमएएचची बॅटरी घातली होती, ती पुढे मावेना म्हणून मागे सरकवलेली. शेपूट जड झालं होतं आणि जायरो ते इतके महिने गुपचूप सांभाळत होता.

जानेवारीत मी दोघांना "जायरोशिवाय घेऊच नका" असं सांगितलं होतं. ते मागे घेतो. जुनी बॅटरी परत घातली, तोल पाचावर आणला आणि विमान हात सोडूनही सरळ जातं. पंख दोन्ही टोकांना जरा वर उचललेले असतात. विमान कललं की त्या अंगाला घसरतं, खालच्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते आणि तो वर येतो. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा जो पंख खाली असेल त्याच बाजूला स्टिक ढकलायची. हे मी जायरो गेल्यावर शिकलो, तीन सकाळींत.

उड्डाण सात मिनिटांचं झालंय, आधी अकरा मिळायची. चालेल. जायरोचे ते अडीच हजार दुसऱ्या बॅटरीला आणि चांगल्या बॅलन्स चार्जरला (बॅटरीचे सगळे सेल सारखे भरणाऱ्या) घाला. बॅटरी आठवडाभर वापरायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा; इथल्या मे महिन्यात पूर्ण भरून ठेवलेली माझी २२०० ची बॅटरी फुगलीय.