स्नोमोबाइलचा लांब ट्रॅक घेण्याआधी आमची फसवणूक वाचा

मुंबईतून काश्मीरच्या सहली काढणाऱ्या आणि गुलमर्गला स्नोमोबाइलमध्ये (बर्फावर चालणाऱ्या गाडीत) भागीदारी असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. अंधेरीतल्या एका सुट्या भागांच्या विक्रेत्याने आमच्याकडून २ लाख ३२ हजार रुपये घेतले आणि लांब ट्रॅक म्हणून एक वापरलेला पट्टा आमच्या गळ्यात मारला. तो आमच्या मशिनला बसूच शकत नाही. प्रकरण वकिलाकडे असल्यामुळे नाव लिहीत नाही, पण त्याने हे कसं जमवलं ते सविस्तर सांगते. असली मशिनं आपल्याकडे मोजकीच आहेत, सुटे भाग आणणारे त्याहून मोजके. असा माणूस एका गिऱ्हाइकावर थांबत नाही.

आमचं गोरेगावात सहलींचं छोटं काम आहे. गुलमर्गच्या भागीदारांसोबत एक जुनी स्नोमोबाइल घेतलेली आहे: दोन माणसांची, पंख्याने थंड होणाऱ्या इंजिनाची. तिचा ट्रॅक, म्हणजे बर्फावर फिरून गाडी पुढे नेणारा रबरी पट्टा, १२१ इंच लांब, १५ इंच रुंद. गेल्या हंगामात ताज्या बर्फात ती रुतायची, चढावर दम टाकायची. बसलेल्या पर्यटकांना उतरून उभं राहावं लागायचं. यावर उपाय विचारायला आम्ही या विक्रेत्याकडे गेलो.

त्याचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. "ताई, इंजिनाला हात लावू नका. तुमचा ट्रॅकच आखूड आहे. १३६ इंची टाका, मशिन बर्फावर तरंगेल." टेबलावर कागद घेऊन त्याने गणितही मांडलं. पट्टा १५ इंचांनी लांब झाला की मागचा एक्सल साधारण साडेसात इंच मागे जातो, म्हणजे १५ इंच रुंदीच्या पट्ट्याचा सुमारे ११२ चौरस इंच जास्त भाग बर्फावर टेकतो. वजन तेवढंच आणि टेकायला जागा जास्त, म्हणून मशिन कमी रुततं. हे गणित शंभर टक्के बरोबर आहे, आणि माणूस खरं बोलतोय हा विश्वास तिथेच बसतो.

त्याने जे सांगितलं नाही ते आम्हाला नंतर गुलमर्गच्या मेकॅनिककडून कळलं. लांब पट्टा म्हणजे नुसतं रबर बदलणं नाही. पट्टा ज्या दोन रेलांवरून सरकतो त्या वाढवाव्या लागतात, जादा चाकं लागतात, पट्ट्यावरचं धातूचं आवरण, ज्याला बोगदा म्हणतात, आखूड पडलं तर तोही वाढवावा लागतो. फिरणारं वजन वाढतं, तो भार इंजिनावर येतो आणि लहान इंजिन असेल तर गिअरिंग बदलावं लागतं. वळताना मशिन जड लागतं. लांब पट्ट्यासोबत हे लोक उंच लगही विकतात. लग म्हणजे पट्ट्यावरचे रबराचे उभे दाते. भुसभुशीत खोल बर्फात ते उत्तम. पण दाबून कडक झालेल्या वाटेवर तेच वाकतात, तापतात, लवकर झिजतात. रेलखालच्या प्लॅस्टिकच्या स्लायडरना तर उडणाऱ्या बर्फाचंच वंगण असतं. कडक वाटेवर ते मिळालं नाही की तेही तापून झिजतात.

आता आपले पर्यटक कुठे फिरतात? दिवसभर मशिनं जाऊन येऊन दाबल्या गेलेल्या वाटेवर. उतारावरच्या अस्पर्श बर्फात, जड ओझं ओढत जाणाऱ्याला लांब ट्रॅक हवाच. आपल्या कामाला बहुतेक वेळा आखूडच बरा. आमच्या मशिनचा खरा आजार तर वेगळाच निघाला. इंजिनाकडून जोर पुढे नेणारा ड्राइव्ह बेल्ट झिजून अरुंद झाला होता. तो बदलून पट्ट्याचा ताण नीट केल्यावर चढावरची तक्रार संपली. सुट्या भागांच्या धंद्यात असलेल्या माणसाने हा बेल्ट आधी बघायला सांगायला नको होतं का?

असो, व्यवहाराकडे येते. भाव ठरला १ लाख ९० हजार. त्यात नवा कोरा १३६ इंची ट्रॅक, रेल वाढवायचे तुकडे आणि चाकं. १ लाख २० हजार आगाऊ, उरलेले माल हातात आल्यावर. घाई त्याने हंगामाच्या नावाने लावली: "२१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतं, त्याआधी ट्रॅक वर पोचायला हवा." काश्मीरमधले कडाक्याचे चाळीस दिवस तेव्हा सुरू होतात हे आम्हालाही ठाऊक, त्यामुळे घाई पटणारी होती.

मग एका संध्याकाळी फोन आला. माल न्हावा शेव्याला अडकलाय, ड्युटीचे ४२ हजार आजच भरा, नाहीतर डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा आकार, चढेल. पैसे एका व्यक्तीच्या नावच्या यूपीआयवर मागितले. सोबत बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयात मालाच्या कस्टमकडच्या कागदाचा, नंबर पाठवला, म्हणून आम्ही भरले. त्याच रात्री मशीद बंदरच्या ओळखीच्या कस्टम एजंटने तो नंबर आइसगेट या कस्टमच्या वेबसाइटवर तपासला. त्या तारखेला, त्या बंदरावर तसली नोंदच नव्हती. एजंटने जे सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा: ड्युटी आयातदार सरकारच्या खात्यात भरतो आणि तिचं चलन निघतं. कोणा माणसाच्या मोबाइल नंबरवर ड्युटी भरली जात नाही. आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. थोडी रक्कम गोठली आहे, ती अजून हातात आलेली नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "आमच्या माणसाकडून नंबर चुकीचा गेला, माल उद्या येतोय."

आणि माल खरंच आला! सोसायटीच्या आवारात टेम्पो उभा राहिला, ड्रायव्हर म्हणाला उरलेले ७० हजार दिल्याशिवाय उतरवायचा हुकूम नाही. आम्ही टेम्पोतच पट्टा पसरून टेप लावला. १३७ भरला. एक इंच जास्तच, कमी तर नाही. काळाकुळकुळीत, चकचकीत. पैसे दिले.

संध्याकाळी भाचा आला. त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. त्याने पट्ट्यावर हात फिरवला आणि अंगठा मला दाखवला, काळा झाला होता. पट्ट्याला पॉलिश मारलेलं होतं. ओल्या फडक्याने पुसल्यावर लगांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या. साच्यातून निघालेल्या नव्या रबराला धारदार कडा आणि बारीक रबरी केस असतात, इथे एकही नव्हता. आतल्या बाजूच्या धातूच्या क्लिपा झिजलेल्या, दोन-तीन गायब. रेलचे तुकडे खोक्यात नव्हतेच.

मोठी गोष्ट त्यानंतर कळली. भाच्याने गुलमर्गच्या मेकॅनिकला फोटो पाठवले, त्यांनी उलट एकच प्रश्न विचारला: पिच किती? पिच म्हणजे पट्ट्यावरच्या एका आडव्या ओळीच्या मध्यापासून पुढच्या ओळीच्या मध्यापर्यंतचं अंतर. पट्टा फिरवणाऱ्या चाकाचे दाते त्याच अंतरावर घडवलेले असतात. आमच्या मशिनचा पिच २.५२ इंच. १२१ इंची पट्ट्यात असे ४८ पिच बसतात, १३६ इंचीत ५४. भाच्याने खडूने खूण करून ओळी मोजल्या. भरल्या फक्त ४८. म्हणजे पिच २.८६ इंच: ४८ गुणिले २.८६, साधारण १३७ इंच. टेपला लांबी ठीक दिसली, पण आमच्या मशिनचे दाते त्या पट्ट्यात बसणार नाहीत. जबरदस्तीने चढवला तर दाते तरी तुटतील नाहीतर पट्टा फाटेल. माझी खात्री आहे की पडून असलेला दुसऱ्याच मशिनचा पट्टा त्याने आधी पाहून ठेवला होता आणि "१३६" हा आकडा त्यावरून ठरवला होता.

तुम्ही हे दोन मिनिटांत तपासू शकता. दहा पिच एकदम मोजा. २.५२ चा असेल तर २५.२ इंच भरतील, २.८६ चा असेल तर २८.६. पैसे देण्याआधी पट्ट्यावर साच्यातच उमटलेल्या पार्ट नंबरचा फोटोही मागा आणि आलेल्या मालावर तोच नंबर आहे का बघा. आमच्या पट्ट्यावर ती जागा घासून सपाट केलेली होती.

बिलाचंही सांगते. त्यावर लिहिलं होतं "रबर बेल्ट, १ नग". लांबी, रुंदी, पिच, नवा की जुना, काहीच नाही. मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड ४०१०, म्हणजे कन्व्हेयर किंवा ट्रान्समिशन बेल्टचा. पोलीस चौकीत हेच बिल आडवं आलं: बेल्ट ठरला, बेल्ट मिळाला, मग हे दिवाणी प्रकरण. ग्राहक आयोगातही सरळ वाट नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरला जात नाही. फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर धरला जातो. आमचं मशिन भागीदारीतलं, म्हणून वकील आधी हा मुद्दा बांधत आहेत. त्यामुळे कोटेशनवर आणि बिलावर लांबी, रुंदी, पिच, लगची उंची आणि "नवीन" हा शब्द लिहून सही-शिक्का घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. विक्रेता कुरकुर करू लागला तर उठून या.

व्हॉट्सअॅपवर त्याने "ब्रँड न्यू, १३६, २.५२" असं स्वतः लिहिलेला एक संदेश आमच्याकडे आहे. वकिलांच्या मते आज सगळ्यात भक्कम पुरावा तोच. नोटीस गेली आहे. मुदतीत पैसे आले नाहीत तर तो संदेश, टेम्पोची पावती आणि मोजणीचे फोटो जोडून दावा दाखल करणार आहोत. अंधेरीतूनच ट्रॅक घेऊन कोणाची अशीच फसगत झाली असेल तर बिल आणि चॅट पुसू नका, त्याच नावाच्या दुसऱ्या तक्रारी आम्हाला पोलिसांसमोर ठेवायच्या आहेत.